सकारण हरकत

कपाटाचा खालचा कप्पा अडकला होता. दोनदा ओढूनही तो हलेना, तेव्हा तिने पायातला बूट काढला आणि टाचेने कुलपाशेजारी दोन सणसणीत ठोके घातले. कप्पा करकरत अर्धा बाहेर आला.

दारात उभा असलेला हेडक्लार्क कसनुसा झाला.

"साहेबांचं कपाट आहे ते, बाई."

"होतं," ती म्हणाली आणि बूट पुन्हा पायात चढवला.

साहेब म्हणजे टेनिस संघटनेचा माजी सचिव. सत्तावीस वर्षं त्या खुर्चीत बसला, मग वयामुळे उठला, आणि चार महिन्यांपूर्वी झोपेत गेला. समोर सगळे त्याला साहेब म्हणत, पाठ वळली की फूटपट्टी. स्पर्धेच्या दिवशी तो सकाळी आणि दुपारी स्वतः कोर्टावर जायचा, खिशातली पोलादी पट्टी काढून जाळीची मधली उंची मोजायचा, आणि ती केसभर जरी कमीजास्त भरली तरी माळ्याला सगळ्यांदेखत झापायचा. केसांना रंगीत फीत बांधली म्हणून त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीला सामना चालू असताना बाहेर काढलं होतं. एका मुलाची आई दोन गुणांच्या मध्ये टाळ्या वाजवत होती, तर शिक्षा मुलाला झाली. हा माणूस गेल्याचं कळलं तेव्हा सुंठीवाचून खोकला गेला, असंच सगळ्यांना वाटलं, आणि त्याच आठवड्यात त्याच सगळ्यांनी मोठा हॉल घेऊन शोकसभा केली. भाषण केलेल्यांपैकी एकही असा नव्हता की ज्याला त्याने कधी ना कधी शिक्षा केली नव्हती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशी प्रत्येकाच्या तोंडून साहेबांची शिस्त नुसती ओसंडून वाहत होती. ती मागच्या रांगेत बसून ऐकत होती. शेवटी सगळे दोन मिनिटं उभे राहिले तेव्हा ती बसूनच राहिली. गुडघा दुखत असेल, असं शेजारच्या बाईने न विचारताच धरून चाललं याचंच तिला वाईट वाटलं. तिला सांगायचं होतं की गुडघा ठीक आहे.

आता नव्या मुख्य कोर्टाला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं. त्यासाठी तिघांची समिती नेमली होती: संघटनेचे अध्यक्ष, एक वकील आणि ती. अध्यक्षांनी तिला स्वतः फोन केला होता. तुम्ही तर उघड विरोधक, तुमचीही सही आली म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको, असं ते मोकळेपणाने म्हणाले होते. तिने लगेच होकार दिला होता. सहीसाठी नव्हे, कपाटासाठी.

कारण तिला खात्री होती की कुठेतरी पाणी मुरलेलं असणार. इतका कडक माणूस सगळीकडे सारखा कडक असूच शकत नाही. बड्या घरच्या कुणाला तरी त्याने सोडलं असेल, कुणाच्या तरी फोनवर त्याची पट्टी वाकली असेल. तसं एक जरी प्रकरण हाती लागलं तर समितीपुढे टेबलावर आपटायचं, आणि शोकसभेत रडलेल्या सगळ्यांची तोंडं बघत बसायचं, एवढाच तिचा बेत होता.

शिस्तभंगाच्या वह्या सालवार लावलेल्या होत्या. अक्षर बारीक, उभं, खाडाखोड नाही. ती कोर्टावरून आंघोळ करून थेट इथे यायची. तिची नगरपालिकेच्या मैदानावरची सकाळची शिकवणी आठला संपायची. पहिले दोन दिवस ती आधाशासारखी वाचत राहिली. मंत्र्याचा पुतण्या, चुकीचे बूट, समज देऊनही पुन्हा तेच: तीन महिने. तेव्हाच्या अध्यक्षांची सून, पंचाला उलट उत्तर: दोन महिने, आणि समासात 'अध्यक्षांचा फोन आला. नोंद घेतली.' आत्ताचे अध्यक्ष, तेव्हा वय एकोणीस, रॅकेट आपटून तोडली: सहा महिने. हेच गृहस्थ शोकसभेत म्हणाले होते की साहेबांनी मला घडवलं. तिला हसू आलं. रॅकेट तुटली ती तुटलीच, वर हा घडला.

तिसऱ्या दिवशी एक नोंद आली. 'खेळाडू: माझी मुलगी. पंचांशी उद्धट वर्तन. चार महिने.' बाकी काही नाही. त्या मुलीने पुढे रॅकेट हातात धरली नाही, आणि बापाला पोचवायलाही ती आली नव्हती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने वही मिटली. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही म्हणून उद्या लोक याला निःपक्षपाती म्हणणार. तिला तो निःपक्षपाती वाटला नाही, नुसता सगळीकडून सारखा गार वाटला. मढंसुद्धा सगळीकडून सारखंच गार असतं. पण आपण जे शोधायला आलो ते इथे नाही, हेही तिच्या लक्षात आलं आणि त्याचा तिला मनापासून राग आला. लबाड माणसाचा तिरस्कार करणं सोपं असतं. हा मेल्यावरसुद्धा काही सोपं करून देत नव्हता.

स्वतःच्या प्रकरणाची वही तिने शेवटी ठेवली होती. त्यात काय असणार ते तिला पाठ होतं. नुसतं तिलाच नव्हे, तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती अठराची, राज्यात पहिली, आणि तिचा बॅकहँड बघायला शेजारच्या क्लबातले म्हातारे खुर्च्या घेऊन येत. परदेशी जाणाऱ्या संघाच्या निवडीसाठी प्रवेशअर्ज द्यायचा होता. शेवटची वेळ संध्याकाळी पाच. ती त्या दिवशी परगावी सरावाला गेली होती म्हणून बाबा अर्ज घेऊन निघाले. बाबा पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. तिथून स्कूटरने संघटनेचं कार्यालय पंधरा मिनिटांवर. वाटेत चाक पंक्चर झालं. बाबांनी स्कूटर पेट्रोल पंपावर सोडली आणि भर उन्हात धावत सुटले. पोचले तेव्हा पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. फूटपट्टीने भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं बोट दाखवलं. बाबांनी हात जोडले. तो म्हणाला, पाच म्हणजे पाच. तिने दाद मागितली, तर निवड राहिली बाजूला, वर एक वर्षाची बंदी आली. तिच्या जागी गेलेली मुलगी तिकडे पहिल्याच फेरीत हरली, आणि त्या पुण्याईवर अजून व्यासपीठांवर 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' म्हणून बसते. बंदी उठेपर्यंत हिची लय गेली, परतल्यावर दुसऱ्याच स्पर्धेत गुडघा गेला. अकरा मिनिटं.

बाबा ही गोष्ट सांगत तेव्हा ऐकणारा हलत नसे. ते घड्याळ दाखवत, फूटपट्टीचा नाकातला आवाज काढत, आणि 'त्या माणसाने माझ्या पोरीचं वाटोळं केलं' इथे आले की त्यांचा गळा दाटायचा. आई होती तोवर ती म्हणायची, पुरे हो आता. पण आलेल्या पाहुण्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय उठता येत नसे. त्या घरात दुसरं कुणाचं वाईट बोलायचं नाही असा दंडक होता. फूटपट्टीला मात्र शिव्या माफ होत्या. बापलेकीचं एरवी फारसं बोलणं नसे, पण त्या माणसाला नावं ठेवताना दोघांचा सूर चांगला जुळायचा.

तिने वही उघडली. तिचं नाव, वय, क्रमांक. मग त्याच उभ्या अक्षरात:

'प्रवेशअर्ज दि. १५ रोजी सकाळी १०.२० वाजता वडिलांनी आणून दिला. मुदत दि. १४, सायं. ५. कारण विचारता तोंडी उत्तर: काल दुपारी ऑफिसात पत्त्यांचा डाव रंगला, अर्ज खिशातच राहिला, विसरलो. अर्ज नाकारला.'

तिने पुन्हा वाचलं. मग तारीख बघितली, नाव बघितलं, पानाचा क्रमांक बघितला, जणू दुसऱ्याच कुणाची वही चुकून हाती आली असावी.

खाली दाद मागणारं तिचं स्वतःचं निवेदन टाचणीने लावलं होतं. अठराव्या वर्षाचं गोल अक्षर. 'केवळ अकरा मिनिटांचा उशीर', 'वाहन नादुरुस्त', 'मी वरील मजकूर सत्य असल्याचे नमूद करते'. त्याच्यामागे संघटनेच्या पत्राची प्रत: खेळाडूने आणि अर्ज आणून देणाऱ्याने, दोघांनी, सुनावणीला समक्ष हजर राहावे. त्याच्यामागे पोस्टाची पोचपावती. तिच्यावरची लांब शेपटीची सही तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं बघितली होती. असं कुठलंही पत्र तिला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

शेवटची नोंद चार ओळींची होती.

'सुनावणीस कोणीही हजर नाही. निवेदनातील कारण खोटे. मुलीला वस्तुस्थिती ठाऊक नसावी असे वाटते. तथापि निवेदनावर सही तिची आहे. कलम ९ (ख) प्रमाणे एक वर्ष.'

कलम नऊ ख. बंदीच्या पत्रात एवढेच शब्द होते आणि बाबांनी तिला त्यांचा अर्थ सांगितला होता: उशीर. नियमांचं पुस्तक तेव्हा सचिवाच्या टेबलाला साखळीने बांधलेलं असे आणि त्या टेबलापाशी पुन्हा म्हणून जायचं नाही अशी तिने शपथ घेतली होती. पुढे नियमावली दोनदा बदलली, कलमांचे आकडे बदलले, शपथ तेवढी तशीच राहिली. छत्तीस वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एकदाच, बारा-पंधरा वर्षांनी असेल, एका स्पर्धेत तो तारेच्या कुंपणापाशी तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "तुम्ही त्या दिवशी यायला हवं होतं." तिला वाटलं, जखमेवर मीठ चोळतोय. ती त्याच्या पायाशी थुंकून निघून गेली होती. तिच्या विद्यार्थ्यांना ही गोष्टही पाठ होती.

हेडक्लार्क अजून दारात होता. त्या काळात तो इथे नवा टायपिस्ट म्हणून लागला होता, म्हणजे ते पत्र त्यानेच टाईप केलेलं असणार.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान हलवली. मग आपली बाजू मांडावी तसं सांगू लागला. सुनावणीच्या दिवशी साहेब सहा वाजेपर्यंत बसून होते. पाचची वेळ दिलेली, तरी सहापर्यंत. आजवर कुणासाठी असे बसले नव्हते. मी म्हटलंसुद्धा, साहेब, मुलगी इथेच मागच्या कोर्टावर खेळतेय, बोलावून आणू का?

"मग?"

"म्हणाले, बोलावणं पाठवलेलं आहे."

ती खिडकीतून बघत राहिली. मागचं कोर्ट तिथून दिसत होतं. दोनशे पावलं असतील, गुडघा धडधाकट असेल तर त्याहून कमी. ती तिथे भिंतीवर बॅकहँड मारत असणार आणि तो आवाजही इथे येत असणार. आणि आत हा माणूस खुर्चीत ताठ बसून, मुलीला काही ठाऊक नाही हे ठाऊक असून, घड्याळाकडे बघत होता. तासभर. मग त्याने पेन काढलं.

सकाळी तिला वाटलं होतं की त्याचा याहून अधिक तिटकारा येणं शक्य नाही. तो अंदाज चुकला होता.

तिने वही जागेवर ठेवली आणि कप्पा ढकलला. या वेळी तो मुकाट्याने आत गेला.

घरी बाबा जेवायला थांबले होते. चौऱ्याऐंशीचं वय, पण ताट समोर आल्याशिवाय हात पुसायचा रुमालसुद्धा उलगडायचे नाहीत, अशी त्यांची जुनी टापटीप. तिने वाढलं. दोन घास झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं की सापडली का त्या हलकटाची कुठली भानगड. नाही सापडली, ती म्हणाली. बाबा म्हणाले की सापडायची नाही, पक्का होता तो, पण पापं काय कागदावर लिहून ठेवतं का कुणी.

तिने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"बाबा, चाक कुठलं पंक्चर झालं होतं? पुढचं की मागचं?"

"मागचं," बाबा म्हणाले. क्षणाचाही वेळ लागला नाही. "खिळा होता एवढा. पंपावरच्या माणसाने काढून दाखवला ना मला नंतर."

खिळा नवा होता. इतक्या वर्षांत तिने तो कधी ऐकला नव्हता. गोष्टीची त्यांनी किती काळजी घेतली होती. जरा कुठे खिळखिळी वाटली की डागडुजी तयार. ती त्यांच्याकडे बघत राहिली. बारीक झालेलं मनगट, हनुवटीवर राहून गेलेले चार पांढरे केस. घास चावताना कानशिलाची शीर हलत होती. या माणसाने एका पत्त्यांच्या डावात तिचा सगळा खेळ घालवला होता आणि छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडली होती. तिला जे वाटलं त्याला तिरस्काराशिवाय दुसरा शब्द नव्हता. आजवर तो दोघांनी मिळून तिसऱ्यावर उधळला होता. आता तो एकटीने, समोरच्या ताटावर वाकलेल्या या म्हाताऱ्यावर उधळायचा, तर हात उचलत नव्हता.

आणि मग तिला रविवार आठवले. त्यांच्या जुन्या घरी दर रविवारी बाबांचे तीन दोस्त यायचे. बाहेरच्या खोलीत चटई, मधोमध पत्ते, संध्याकाळपर्यंत आरडाओरडा. बाबांइतका हिशेबी खेळणारा ऑफिसात नाही असं दोस्त सांगत. त्या वर्षी ते सगळं एकदम थांबलं. दोस्त दोन-तीनदा येऊन परत गेले. रिकामटेकड्यांचे उद्योग, असं बाबा म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी पत्त्याला हात लावला नाही, आजारपणात वेळ जात नव्हता तेव्हासुद्धा नाही. आईला वाटलं होतं, पोरीच्या दुःखाने नवऱ्याला शहाणपण सुचलं. ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

"जेव ना," बाबा म्हणाले. "गार होतंय."

ती जेवली.

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी अकराला होती. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते. त्यांची टायरची तीन दुकानं होती आणि तीनही दुकानांत फूटपट्टीसोबतचा त्यांचा फोटो लावलेला होता. फोटोत फूटपट्टी दुसरीकडेच बघत होता. वकील तरुण होता, टेनिसमधलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण नियमावली त्याने दोनदा वाचून त्यात रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. हेडक्लार्क कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसला.

अध्यक्षांनी कोर्टाच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला. त्यात शिस्तीचा मेरू होता, तत्त्वांचा दीपस्तंभ होता, आणि पुढच्या पिढ्या कशाच्या तरी ऋणात होत्या. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. एवढा मेरू आणि दीपस्तंभ एका पाटीवर मावणार कसा, असं तिने विचारलं, तेव्हा अध्यक्ष दिलखुलास हसले. हसून झाल्यावर ते पुढे वाकले.

"आणि मॅडम, तुमची परवानगी असेल तर तो प्रसंग टाकूया. अकरा मिनिटांचा."

"कशाला?"

"अहो, तोच तर खरा! राज्यातली पहिली खेळाडू, पण अकरा मिनिटं म्हणजे अकरा मिनिटं. सोडलं नाही. असा माणूस आज मिळेल का? तुमच्या नावासकट टाकू. तुमचाही मान राहील."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिच्या घरात ज्या गोष्टीवर त्या माणसाला छत्तीस वर्षं सुळावर चढवलं, तीच गोष्ट इथे त्याची आरती म्हणून म्हटली जाणार होती. शब्दही बदलावा लागणार नव्हता. आणि गोष्ट तर घडलीच नव्हती.

"ते टाकायचं नाही," ती म्हणाली.

"पण का?"

"नाही टाकायचं."

अध्यक्षांनी वकिलाकडे बघितलं. वकिलाने म्हटलं की ठीक आहे, पाटीचं नंतर बघू. आधी मूळ ठराव. मॅडमचा विरोध आहे असं समजायचं का?

"आहे."

मग वकिलाने एक पिवळी चिठ्ठी शोधली आणि नियम वाचला. नामकरणावरील हरकत सकारण असली पाहिजे. कारणाशिवाय घेतलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. हा नियम साहेबांनीच घातलाय, अध्यक्ष मध्येच अभिमानाने म्हणाले.

"तर कारण," वकील म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "पक्षपात केला, असं आहे का?"

"नाही. त्याने कुणालाही सोडलं नाही. मी सगळ्या वह्या वाचल्या."

"मग?"

ती आपल्या हातांकडे बघत होती. उजव्या तळव्यावरचे घट्टे इतके जुने होते की ते दुखत नसत.

"त्याला दिसायचं," ती म्हणाली. "समोरच्याची चूक आहे की नाही, ते त्याला स्वच्छ दिसायचं. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. कळायचं त्याला, की इथे उठायला पाहिजे, दोनशे पावलं चालत जाऊन विचारायला पाहिजे. ते कळूनही तो खुर्चीत बसून राहायचा आणि वेळ संपली की लिहायचा. न कळणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं."

वकिलाने पेनाचं टोपण काढलं.

"हे लिहिता येईल. पण एक उदाहरण लागेल, मॅडम. एखादं प्रकरण, वहीचा क्रमांक, पान. नुसतं मत म्हणून टिकणार नाही."

कोपऱ्यात हेडक्लार्कचं पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. साल, वही, पान, सगळं त्या दोघांना ठाऊक होतं. कपाट तिच्या पाठीमागे चार हातांवर होतं. वही टेबलावर ठेवायचा अवकाश, की सगळा मेरू आणि दीपस्तंभ त्या चार ओळींत बुडाला असता. त्याच पानावर वरच्या बाजूला दुसऱ्याही एका माणसाचा उल्लेख होता, आणि त्याने तोंडी दिलेलं उत्तर होतं, शब्दाला शब्द.

"उदाहरण आहे?" वकिलाने पुन्हा विचारलं.

"नाही."

"एकही?"

"देता येणार नाही."

वकिलाने खांदे किंचित पाडले. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. अध्यक्षांना तसं काही वाटलं नाही. त्यांनी लगेच घंटी वाजवून चहा मागवला. हेडक्लार्क खाली वाकून लिहू लागला, आणि लिहिलेलं त्याने खालच्या आवाजात वाचून दाखवलं: एका सदस्याची हरकत. कारण दिले नाही. नियमानुसार बाद. ठराव मंजूर.

तिने सही केली. निघताना अध्यक्ष म्हणाले की मोठं मन लागतं मॅडम, साहेब असते तर त्यांनाही आवडलं असतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा ते चहाकडे वळले.

दुपारी घरी बाबांची नखं काढायची होती. पंधरा दिवसांनी एकदा ती गरम पाण्याचं घमेलं घेऊन बसायची. त्यांना आता वाकता येत नव्हतं. तिने त्यांचा एक पाय पाण्यातून काढून टॉवेलने पुसला आणि मांडीवर घेतला. नखं जाड, पिवळी झाली होती, जपून कापावी लागत.

"झालं का ठरवून?" बाबांनी विचारलं.

"झालं. नाव देणार आहेत."

"देणारच. चोरांचा बाजार." ते खुर्चीत जरा सावरून बसले. "तू बोललीस ना?"

"बोलले. विरोध आहे म्हणून सांगितलं."

"असं. मग? कारण विचारलं असेल."

"विचारलं." तिने अंगठ्याच्या कडेची कातडी बाजूला सारली. "नाही सांगितलं मी."

आता शिव्या सुरू होणार होत्या. इथून पुढचं सगळं ठरलेलं असायचं. नाकातला आवाज, हातवारे, शेवटी दाटलेला गळा. ती नखाकडे बघत थांबली. वरून काहीच आलं नाही.

"बरं केलंस," बाबा म्हणाले.

तिने मान वर केली नाही. तो पाय खाली ठेवला आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.